पानाच्या माथ्यावरची ओळ

पलूस तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा सातबारा काढा, भिलवडीचा असो की कुंडलचा. खातेदाराचं नाव येण्याआधी माथ्यावर एक लांबलचक मजकूर असतो: गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक, आणि त्याखाली १९७१ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिकार अभिलेख नियमांतले नियम ३, ५, ६ आणि ७ यांचा हवाला. खालच्या भागात गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही, नियम २९. हा मजकूर सहसा कुणी वाचत नाही. ऊसवाला असो की द्राक्षबागायतदार, नजर थेट गट क्रमांकावर आणि क्षेत्रावर जाते. पण माथा काढून टाकला तर खाली उरते ती नुसती नावांची आणि आकड्यांची यादी. पान कोणत्या कायद्याखाली लिहिलं आहे आणि कोणत्या नमुन्याचे रकाने त्याला लागू आहेत, हे माथाच सांगतो.

हा सातबारा आता महाभूलेखवर बघता येतो. पुणे विभाग, सांगली जिल्हा, पलूस तालुका आणि मग गाव निवडायचं. तिथल्या पानांच्या पत्त्यात शेवटी 'एएसपीएक्स' ही अक्षरं वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर बांधलेल्या पानाची ती खूण. अशा पानाच्या मूळ फाईललाही माथा असतो. कोनी कंस, टक्क्याचं चिन्ह, @ आणि 'पेज' हा शब्द, पुढे त्या एका पानापुरत्या सूचना. सर्व्हर ही ओळ वाचतो, तिच्याप्रमाणे पान घडवतो आणि ती स्वतःकडेच ठेवतो. बघणाऱ्याच्या पडद्यावर ती कधीच येत नाही. प्रोग्रॅमर तिला 'पेज डिरेक्टिव्ह' म्हणतात.

वेबच्या सुरुवातीच्या काळात तिची गरजच नव्हती. १९९३ च्या सुमारास सीजीआय ही पद्धत आली, तेव्हा सर्व्हरवर पान नसायचंच. असायचा तो प्रोग्रॅम, आणि तो ओळीमागून ओळ एचटीएमएल छापत जायचा. पुढे हे उलटं झालं. पान आधी लिहायचं आणि त्यात हवा तिथे कोड पेरायचा. डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आयआयएस ३ या वेब सर्व्हरसोबत एएसपी आणलं, तेव्हा सर्व्हरपुढे पहिला प्रश्न उभा राहिला: कंसांतला कोड कोणत्या भाषेतला, व्हीबीस्क्रिप्ट की जेस्क्रिप्ट? कोड वाचायला घेण्यापूर्वीच हे उत्तर हवं होतं. म्हणून ते फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत लिहायचं असा दंडक पडला. या घराण्याचा मूळपुरुष तो.

लवकरच त्याच ओळीत आणखी बाबी आल्या: सेशन हवं की नको, अक्षरांचं कोडपेज कोणतं, तारखा आणि आकडे कोणत्या प्रदेशाच्या रीतीनं दाखवायचे. मराठी वाचकासाठी कुळकथेतली सगळ्यात मोलाची जागा हीच आहे. यूटीएफ-८ साठी कोडपेजचा आकडा ६५००१, आणि विंडोजच्या यादीत मराठीचा क्रमांक ११०२. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली. पण विंडोजला देवनागरी नीट जुळवता येऊ लागली ती विंडोज २००० पासून. तोवर मराठी संकेतस्थळं रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवणाऱ्या फाँटवर चालत. वाचकाच्या संगणकावर तो फाँट नसला की सगळा मजकूर अगम्य रोमन खिचडी होऊन समोर येई. यूटीएफ-८ ची नोंद आणि खरी देवनागरी एकत्र आल्यावरच हा त्रास संपला.

सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९९ मध्ये आपल्या जेएसपी या पद्धतीत एएसपीच्या पहिल्या ओळीचंच चिन्ह घेतलं आणि त्यापुढे 'पेज' शब्द जोडला. तिथे अक्षरसंच सांगायचा राहिला तर पश्चिम युरोपचा संच गृहीत धरला जाई, आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. एका ओळीतल्या मौनाची एवढी किंमत!

१९९७ च्या अखेरीस मार्क अँडर्स आणि स्कॉट गथ्री यांनी एएसपीच्या पुढच्या पिढीवर काम सुरू केलं. ती जानेवारी २००२ मध्ये एएसपी डॉट नेट म्हणून आली आणि पानाचा माथा भरभरून वाढला. कोड दुसऱ्या फाईलीत असेल तर तिचं नाव, चूक झाली तर दाखवायचं पान, आणि 'कल्चर'. तिथे मराठी-भारत लिहिलं की महिन्यांची नावं मराठीत येतात आणि आकड्याला लाखाच्या रीतीनं स्वल्पविराम पडतात, १२,३४,५६७ असे. अंक मात्र इंग्रजीच राहतात. देवनागरी अंकांसाठी प्रोग्रॅमरला वेगळी मेहनत करावी लागते.

प्रत्येक पानावर तेच ते लिहू नये म्हणून सगळ्या ॲप्लिकेशनचे सामाईक नियम वेब-कॉन्फिग या फाईलीत ठेवायचे. तिच्याही वर सबंध यंत्राची फाईल, खाली एकेका फोल्डरची, आणि शेवटी पानाचा माथा. सर्वांत जवळचा शब्द चालतो, पण वरच्यानं कुलूप घातलं असेल तर नाही. मला ही रचना मनापासून पटते. पानाला स्वातंत्र्य आहे, पण ते दिलेलं आहे. तलाठ्यालाही पलूसच्या सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर आधी नमुना सहामध्ये फेरफार धरावा लागतो.

कधी कधी दिलेलं स्वातंत्र्य परतही घ्यावं लागतं. तालुका निवडल्यावर गावांची यादी भरणारी पानं दोन फेऱ्यांमधली आठवण 'व्ह्यूस्टेट' नावाच्या लपलेल्या रकान्यात ठेवतात. हा रकाना वाचकाच्या ब्राउझरमधून जाऊन परत येतो, त्यामुळे वाटेत त्यात कुणी ढवळाढवळ केली नाही ना हे तपासणारी मोहोर त्याला असते. पूर्वी ती मोहोर एका पानापुरती बंद करता येई. त्यातून सर्व्हरवर परका कोड चालवण्याची वाट उघडते हे ध्यानात आल्यावर मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१४ च्या सुरक्षा दुरुस्तीत ती मुभा काढून घेतली. माथ्यावर काहीही लिहा, मोहोर लागतेच. जिथे लोकांच्या जमिनीची नोंद दाखवायची, तिथे एवढी सक्ती हवीच.

ऑगस्ट २०१७ च्या एएसपी डॉट नेट कोअर २.० मध्ये रेझर पेजेस ही पानं लिहिण्याची नवी रीत आली आणि माथा पुन्हा आखूड झाला. उरला फक्त @ आणि 'पेज', सोबत हवा तर पत्त्याचा नमुना. १९९६ चा दंडकही परतला: ही सूचना पानातल्या बाकी सगळ्या रेझर सूचनांच्या आधी हवी. कल्चर आता पानावर लिहीत नाहीत. ते प्रत्येक विनंतीगणिक ठरतं: आधी पत्त्यातला तपशील बघायचा, मग कुकी, मग ब्राउझरनं कळवलेली भाषा. त्यामुळे एकच पान पलूसमधल्या अंकलखोपच्या शेतकऱ्याला मराठी तारखेनिशी मिळतं आणि त्याच्या कर्जाची फाईल बघणाऱ्या परप्रांतीय अधिकाऱ्याला इंग्रजी.