हुगळी किती रुंद काढावी?

रणनीतीच्या खेळांसाठी हौसेने स्वतःचे नकाशे रचणाऱ्या मंडळींत एक मत जवळजवळ वेदवाक्यासारखं रुळलं आहे: नकाशा प्रत्यक्ष भूमीशी जितका इमानी, तितका चांगला. नदी खऱ्या रुंदीची हवी, टेकडी खऱ्या उंचीची, गावं खऱ्या अंतरावर. डोळ्याला वळण लावणाऱ्या बाकीच्या क्लृप्त्या, म्हणजे रंग फिका करणं, काठ ठळक करणं, उंची फुगवणं, या मंडळींच्या लेखी एक तर फसवणूक असतात, नाहीतर रंगरंगोटी. हा पूर्वपक्ष मांडणारे अडाणी नाहीत. ते जुने नकाशे धुंडाळतात, उपग्रहांची आकडेवारी उतरवून घेतात, एकेका ओढ्यासाठी रात्री जागवतात. त्यांच्या कष्टांचा मान राखूनही त्यांचं मत खोडून काढायला हवं. त्यासाठी लागणारा पुरावा खेळाच्या दुनियेबाहेर, नकाशे काढण्याच्या जुन्या पेठेत म्हणजे कलकत्त्यात, भरपूर पडलेला आहे.

उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पावसाळ्यात त्यांची छावणी काटव्याला, अजय आणि भागीरथी (हीच पुढे हुगळी) यांच्या आधाराने पडली होती. नद्या भरून वाहत होत्या तोवर त्याच तटबंदीचं काम करत होत्या. नवरात्राच्या सुमारास बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने रात्रीतून नावांच्या पुलाने नदी ओलांडली आणि बेसावध छावणीवर छापा घातला. तिकडे कलकत्त्यात बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, धास्तीने इंग्रजांनी आणि शहरवासीयांनी खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, सहा महिन्यांत तीन मैल झाले. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत आणि काम तिथेच थांबलं. खंदकाचं नाव मात्र मराठ्यांचंच राहिलं. बागबाजारात आजही ‘मराठा डिच लेन’ आहे. न केलेल्या हल्ल्याचं असं स्मारक आपल्या इतिहासात दुसरं नसावं.

आता ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या एडिटरमध्ये या मोहिमेचा नकाशा करायचा आहे असं धरू. एका टोकाला काटवा, दुसऱ्या टोकाला कलकत्ता. दोन्हींमधलं सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर. ‘जायंट’ आकाराच्या नकाशाची एक बाजू २४० टाइलची, तेव्हा एक टाइल अर्ध्या किलोमीटरची झाली. कलकत्त्यापाशी हुगळी केवढी? हावडा ब्रिजचा मधला गाळा १५०० फुटांचा, म्हणजे ४५७ मीटर. त्यावरून नदीचा अंदाज येतो: इमानाने काढली तर जेमतेम एका टाइलची. ज्या नदीने मोहीम अडवली, जिच्यावरून ईस्ट इंडिया कंपनीची गलबतं ये-जा करत होती, ती पडद्यावर नाल्यासारखी दिसेल आणि तिच्यात दोन गलबतं एकमेकांना ओलांडूही शकणार नाहीत. खंदकाबद्दल तर बोलायलाच नको. तो टाइलच्या एका कोपऱ्यात हरवून जाईल.

यावर वास्तववादी म्हणेल, ठीक आहे, नदी थोडी रुंद करू, पण बाकी सगळं मापात. बाकी म्हणजे काय? या खेळात साधं घर दोन टाइल बाय दोन टाइलचं असतं, म्हणजे आपल्या मापाने एक किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. गावाची मुख्य इमारत चार बाय चार; तिच्यात कलकत्त्यातलं निम्मं सुतानुटी बसेल. एक झाड अर्ध्या किलोमीटरचं. मापाशी इमान राखण्याची प्रतिज्ञा पहिलं घर ठेवताच मोडलेली असते. तेव्हा माप पाळायचं की मोडायचं हा वादच उरत नाही. कुणासाठी, किती आणि कुठे मोडायचं एवढंच ठरवायचं राहतं, आणि ते ठरवण्याच्या कौशल्यालाच आपण क्लृप्त्या म्हणून नाकं मुरडतो.

ही लबाडी खेळवाल्यांनी शोधलेली नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग आपला जन्म १७६७ चा मानतो, जेव्हा जेम्स रेनेल बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. त्याचा बंगालचा अ‍ॅटलास १७८० च्या आसपास छापून निघाला. तेव्हापासून आजच्या एकास पन्नास हजारच्या पत्रकांपर्यंत अशा नकाशांत रस्ता सहसा खऱ्या रुंदीचा नसतो. त्या पत्रकावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवरच्या पंचवीस मीटरांएवढी होते. खेड्यातली गाडीवाट पंचवीस मीटर रुंद असते का? पण खऱ्या मापाने काढली तर ती छपाईत उमटणार नाही, म्हणून तिला फुगवायचं; ती फुगल्यावर शेजारचं देऊळ तिच्याखाली जातं, म्हणून देवळाला थोडं बाजूला सरकवायचं. नकाशाशास्त्रात हे रोजचं, मान्य आणि शिकवलं जाणारं काम आहे. सरकारी पत्रकाला जे शोभतं ते खेळाच्या नकाशाला का लाजिरवाणं वाटावं?

वास्तववाद्यांचं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे उंचीची आकडेवारी. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने रडार लावून पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची टिपली; ती माहिती आज कुणालाही फुकट मिळते आणि अनेक हौशी नकाशे तिच्यावरच उभे राहतात. सह्याद्रीसाठी ती उत्तम आहे. घाटमाथा आणि कोकण यांच्यातला फरक काही मीटरांच्या चुकीने पुसला जात नाही. पण कलकत्ता समुद्रसपाटीपासून दहा मीटरसुद्धा उंच नाही, आणि रडारला जमीन दिसत नाही. त्याला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं दिसतात. परिणामी खारफुटीचं सुंदरबन, जिथली जमीन भरतीत पाण्याखाली जाते, आकडेवारीत पठारासारखं वर येतं. शहरातला इमारतींचा दाट भाग टेकडी होऊन बसतो. हा आकडा जसाच्या तसा एडिटरमध्ये ओतला की नकाशात डोंगर उगवतात, तेही दलदलीत. हा केवळ दिसण्यातला दोष नाही. या खेळात उंचावरून मारणाऱ्याचा घाव सव्वापट बसतो आणि खालून मारणाऱ्याचा पाऊणपट, म्हणजे सुंदरबनातल्या खोट्या पठारावर उभा असलेला धनुर्धारी फुकटचा फायदा घेतो. आकड्यांवर श्रद्धा ठेवून आपण बंगालमध्ये सह्याद्री उभा केला, आणि म्हणायचं काय, तर नकाशा अस्सल आहे!

उजेडाचं तसंच. डोंगराला उठाव द्यायला छाया लागते, आणि नकाशातली छाया कुठून पडते? जगभरचे नकाशाकार प्रकाश वायव्येकडून, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून, पडतो असं धरून चालतात. कलकत्त्यात जूनच्या आसपासचा महिनाभर सोडला तर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो, तेव्हा ‘खरी’ छाया उत्तरेला पडायला हवी. तशी रंगवून पाहा: पुष्कळांच्या डोळ्यांना टेकड्या खड्ड्यांसारख्या आणि दऱ्या कण्यांसारख्या दिसू लागतात. उजेड वरून येतो हे आपल्या नजरेने गृहीत धरलेलं असतं आणि ती समजूत सूर्याच्या पंचांगाला जुमानत नाही. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी आयुष्य या छायाप्रकाशावर घालवलं. १९६५ साली त्यांचा या विषयावरचा ग्रंथ आला आणि तो अजून पाठ्यपुस्तकासारखा वापरला जातो. त्यांचे डोंगर आजही हात लावून पाहावेत असे वाटतात, ते खोट्या सूर्याच्या जोरावर.

इथवर आलं की दुसरा पक्ष उठतो. हा स्पर्धेत खेळणारा, निष्ठुर गडी. तो म्हणतो, वास्तवही नको आणि सौंदर्यही नको. झाडं खुजी करा, जमीन एकरंगी करा, टाइलच्या रेघा आखा, मला फक्त सैन्य दिसू द्या. असे बदल करून देणाऱ्या फाइली खरोखरच लोकप्रिय आहेत आणि त्यांच्यामागचं दुखणं खरं आहे. दर दोन पावलांवर फुलं, दगड, मोडकी गाडी आणि हाडांचा सांगाडा टाकणारे नकाशे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात शत्रूचा भालाईत शोधणं म्हणजे दळणात हरवलेली सुई शोधणं. पण हा गडी जे मागतो तेही डोळ्यांचंच काम आहे. टाइलची रेघ कुठल्या शेतात असते? खुजं झाड कुठल्या वनात? एका कृत्रिम क्लृप्तीने दुसरी हटवून तो स्वतःला क्लृप्त्यांचा शत्रू म्हणवतो. त्याच्या तक्रारीतून निघतं ते एवढंच, की सजावट जिथे लढाई होणार तिथे नसावी.

आणि इथेच मंडन सुरू होतं, कारण कुठे नसावी हे कळलं की कुठे असावी तेही कळतं. माझ्या मते चांगला नकाशाकार मोकळी रानं शांत ठेवतो आणि काठ बोलके करतो. नदीचा काठ, रानाची कड, बांध, तळ्याचा घाट या जागी पोत बदलतो, दोन-चार सुटी झाडं जंगलाबाहेर येतात, गवत आणि माती एकमेकांत मिसळतात. खेळाडूची नजर आपोआप काठावर जाते आणि कुठून जाता येईल, कुठून नाही, हे तिला न सांगता समजतं. बंगालला हे विशेष लागू आहे. तिथे उंची नाहीच. जी काही रचना आहे ती पाण्याच्या आणि बांबूच्या बेटांच्या कडांची आहे. उतार असल्याचा आव आणण्यापेक्षा पुकुरांची, म्हणजे गावतळ्यांची, माळ लावली तर घोडदळाला अडथळा होतो, चित्र बंगालचं दिसतं आणि काही खोटंही बोलावं लागत नाही.

रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. बंगाल म्हटलं की नवखा नकाशाकार हिरव्यावर हिरवा ओततो. पण खेळातल्या आठ खेळाडूंपैकी एकाचा रंग हिरवा असतो, आणि त्याचं सैन्य त्या हिरवाईत विरघळून जातं. उपाय इतिहासातच आहे. मराठ्यांची मुलूखगिरी दसऱ्यानंतर सुरू होई. त्यानंतर लवकरच, अग्रहायणात म्हणजे साधारण मार्गशीर्षात, बंगालमधला अमन भात कापला जातो आणि शेतात उरतात पेंढ्याच्या रंगाचे खुंट. नकाशा पावसाळ्यातून हिवाळ्यात सरकवला की जमीन पिवळट, निस्तेज होते, आणि तिच्यावर निळा, तांबडा, हिरवा असा कुठलाही झेंडा लखकन दिसतो. नद्याही ओसरलेल्या असतात, तेव्हा उथळ पाण्याची फिकट टाइल, जिच्यावरून पायदळ जातं आणि नावही जाते, तिथे वापरायला सबळ कारण मिळतं. हंगाम बदलणं ही दृश्याची क्लृप्ती आहे की इतिहासाचं इमान? मला दोन्ही दिसतात, आणि अशी जागा सापडणं हेच या कामातलं सुख आहे.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मी मोकळेपणाने देतो. माप मोडावं, उजेड खोटा लावावा, नदी दहापट रुंद करावी. पण काळ मोडू नये. १७४२ च्या कलकत्त्यात हावडा ब्रिज नको, तो १९४३ चा. व्हिक्टोरिया मेमोरियल नको, ते १९२१ चं. ओळख पटावी म्हणून ही चित्रं घालण्याचा मोह होतो, पण त्या काळची खूण म्हणजे जुना फोर्ट विल्यम, जिथे आज जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट आहे तो परिसर. रुंदी वाढवल्याने नदीचा धर्म बदलत नाही. तिथे नसलेला पूल टाकल्याने मोहिमेचा अर्थच बदलतो.

याच कसोटीवर खंदकाचा निकाल लावता येतो. तो दोन-तीन टाइल रुंद काढावा, नाहीतर दिसणार नाही. पण तो अपुराच राहिला पाहिजे, कारण अपुरेपणा हीच त्याची खरी गोष्ट आहे. चौदा वर्षांनी, १७५६ च्या जूनमध्ये, नवाब सिराजुद्दौलाचं सैन्य आधी उत्तरेला बागबाजारापाशी पेरिनच्या मोर्चावर आदळलं आणि मागे रेटलं गेलं. मग ते पूर्वेकडून शहरात शिरलं आणि २० जूनला किल्ला पडला. नकाशात अपुऱ्या खंदकाची ही फट बाण काढून दाखवू नये आणि धुक्यात गाडूनही टाकू नये. खंदक संपतो तिथे मातीचा रंग किंचित बदलावा, एखादी बैलगाडीची वाट भातखाचरांतून आत जावी, बस. घोडेस्वार पाठवून टेहळणी करणाऱ्याला ती सापडेल. उत्तरेच्या मोर्चावर डोकं आपटत राहणाऱ्याला सापडणार नाही, आणि त्याबद्दल त्याला नकाशाला दोष देता येणार नाही.