कृष्णाकांठच्या भोयांचा डोहावरील हक्क व सरकारी द्रव्य

कृष्णेच्या डोहांतील माशांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आमच्या संशोधकांनीं आजवर फारसा मनावर घेतलेला नाहीं. पाटीलकीचे तंटे, देशमुखीचे महजर, देवस्थानांचीं इनामें यांवर पानेंच्या पानें छापून निघालीं. परंतु वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली या सबंध कांठावर ज्यांचें जाळें पिढ्यान् पिढ्या पाण्यांत पडत आलें, त्या भोई व कोळी लोकांचें नांव आलें तर तळटीपेंत. हल्लीं सरकार मत्स्यव्यवसायावर कोट्यवधि रुपये खर्च करीत आहे. तो पैसा कोणास कोणत्या नात्यानें मिळावा व पाण्याच्या बंदोबस्तांत त्यांचा शब्द किती चालावा, याचा निकाल पुष्कळ अंशीं जुन्या हक्काच्या पुराव्यावर अवलंबून आहे. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधीत आहों.

प्रथम गांवगाड्याकडे पाहूं. बलुत्यांच्या व अलुत्यांच्या याद्या प्रांतोप्रांतीं जुळत नाहींत, हें सर्वश्रुत आहे. कोळी एका यादींत बलुत्यांत, तर दुसरींत अलुत्यांत सांपडतो. पण तेथें त्याचें काम पाणी भरण्याचें, मासे धरण्याचें नव्हे. भोयाची गोष्ट तशीच. शाहू छत्रपतींच्या काळीं सातारा राजधानी झाल्यावर पालखीचा मान मोठमोठ्या सरदारांस मिळे व त्या मानाबरोबर पालखीच्या खर्चाची नेमणूकहि चाले. तिच्या वाटेनें भोयाच्या घरीं सरकारी पैसा जाई. तो खांद्याचा मोबदला होता, जाळ्याचा नव्हे. नदीच्या उतारावर नाव चालविणें हें आणखी एक काम. तेव्हां या लोकांस दफ्तरांत धुंडावयाचें झाल्यास पालखी, तरीचें उत्पन्न व पाणीभरणी या सदरांखालीं धुंडावें. मासे या शब्दावर नजर ठेवून बसणाराच्या हातीं थोडें लागेल, असा आमचा समज आहे. दफ्तर लिहितें तें देण्याघेण्याचें. सकाळीं डोहांत धरलेली मरळ संध्याकाळीं चुलीवर चढली, तिची नोंद कोण कारकून करणार?

देशी अमलांतील मासेमारीविषयीं एक साक्ष मात्र महत्त्वाची आहे व ती परक्याची आहे. हिंदुस्थानांतील मत्स्यविषयक इन्स्पेक्टर जनरल डॉ. फ्रान्सिस डे यांनीं इ. स. १८७३ सालीं गोड्या पाण्यांतील माशांवरील आपला अहवाल कलकत्त्यास प्रसिद्ध केला. देशी राज्यांत मासेमारी ही बहुधा सरकारच्या मालकीची बाब समजून मक्त्यानें दिली जाई, घरच्या खाण्यापुरते मासे धरण्यास लोकांस मोकळीक असे, आणि इंग्रजी अमलांत हें बंधन सुटल्यावर वाटेल त्यानें वाटेल तसे मासे मारावे अशी स्थिति झाली, असें त्यांच्या म्हणण्याचें सार आहे. हें वर्णन देशाचें आहे, सातारा प्रांताचें म्हणून नव्हे. तरी जुना बंदोबस्त मुळींच नव्हता असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. डे साहेबांनीं सुचविलेला उपाय जाळ्याच्या भोंकांचें माप ठरविण्याचा व विणीच्या हंगामांत बंदी घालण्याचा होता. तो कायद्याचा व अमलदारांचा उपाय; जाळेंवाल्यांच्या पंचायतीस त्यांत जागा नव्हती.

इ. स. १८४८ सालीं शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज वारले. त्यांनीं घेतलेला दत्तक नामंजूर होऊन सातारचें राज्य खालसा झालें. पुढें इनाम कमिशनचा फेरा आला. तेथें प्रश्न जमिनीच्या व नेमणुकींच्या सनदांचा होता, डोहाच्या वहिवाटीचा नव्हता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें नद्या, ओढे, नाले, तळीं, जीं दुसऱ्या कोणाच्या मालकीचीं नाहींत तीं सरकारचीं ठरलीं. नंतर १८९७ चा चौथा कायदा, म्हणजे हिंदुस्थानचा मत्स्यविषयक कायदा. सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारणें हा त्यानें गुन्हा ठरविला, आणि तें योग्यच झालें. पण त्याचें सहावें कलम संशोधकांनीं बारकाईनें वाचण्यासारखें आहे. जाळ्यांचें माप, बांध घालणें यांविषयीं नियम करण्याचा व एखाद्या पाण्यांत दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार त्यानें प्रांतिक सरकारास दिला. हे नियम खासगी पाण्यास लावावयाचे तर मात्र मालकाची, तसेंच तेथें मासेमारीचा अनन्य हक्क असणाऱ्या सर्वांची, लेखी संमति लागे. म्हणजे ज्याच्या पेटींत कागद होता त्यास विचारणें प्राप्त होतें. नुसती वहिवाट असलेला भोई न विचारतां नियमाखालीं आला. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें हा जुना कायदा राज्यापुरता मागें पडला, तरी भोयाच्या वहिवाटीचा प्रश्न जागच्या जागींच राहिला.

सांगलीची हकीकत थोडी निराळी आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ सालीं मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस राहिले. तेव्हांपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तेथें संस्थानी अंमल होता व मुंबई सरकारचा कायदा तेथें आपोआप लागू नव्हता. एकाच नदीच्या वरच्या अंगास इंग्रजी कायदा व खालच्या अंगास संस्थानी वहिवाट, असा प्रकार शंभर वर्षें चालला. तरीचे लिलाव, पाण्याचे मक्ते, नावाड्यांच्या नेमणुका यांचे कागद संस्थानी दफ्तरांत सांपडण्याचा संभव म्हणूनच आम्हांस अधिक वाटतो.

कागद नसला तरी शब्द उरतात. मुंबई सरकारचे स्टॅटिस्टिकल रिपोर्टर कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक सोसायटीच्या ग्रंथांत १८४१ सालीं छापला गेला. त्यांत त्यांनीं नव्या जातींस शास्त्रीय नांवें देतांना खुदरी, कोलस, फुलंगी, इचकी, शिंगटी असे येथील बोलींतले शब्दच लॅटिन पोशाखांत बसविले. हे शब्द नदीकांठच्या मासे धरणाऱ्यांच्या तोंडचे. ज्यांनीं ते सांगितले त्यांचें नांव शास्त्रांत नाहीं. (रोमन अक्षरांतून मूळ उच्चार परत काढणें हें घाईच्या मोडींतील अनुस्वार सोडविण्यापेक्षां सोपें नाहीं, त्यासाठीं भोयांकडेच जावें लागतें.) महाबळेश्वर व वाई येथील माशांवर सायलस यांनीं १९५३ सालीं स्वतंत्र टिपण लिहिलें. पुढें कोयनेवर, धोमला, वारणेवर धरणें झालीं व त्यांच्या पाण्यांत सरकारी खर्चानें बीज व बोटुकली सोडण्याची वहिवाट पडली, ती मुख्यतः गंगेकडच्या कटला, रोहू व मृगळ यांची. खुदरीचे डोह कोणते, हें भोयास विचारून खर्च झाला असता तर पैसा निराळ्या मार्गानें गेला असता, असें आम्हांस वाटतें.

जुना कागद येथें किती कामाचा, याचा दाखला समुद्रापलीकडचा आहे. कॅनडांत मिगमा जमातीच्या डोनाल्ड मार्शल नामक गृहस्थानें १९९३ सालीं बंदीच्या दिवसांत, परवान्यावांचून, ४६३ पौंड वांब धरून विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथें १७६०-६१ सालचे, म्हणजे आमच्या पानिपताच्या वर्षांतले, तह व वाटाघाटींचीं टिपणें वाचलीं गेलीं, आणि १७ सप्टेंबर १९९९ रोजीं मार्शल निर्दोष ठरला. त्यानंतर तेथील सरकारास त्या जमातींच्या होड्या, परवाने व शिक्षण यांवर पैसा खर्च करावा लागला. त्यापूर्वींच, १९९२ पासून, मूळच्या लोकांनीं आपल्या पाण्याच्या बंदोबस्तांत भाग घ्यावा म्हणून तेथें सरकारी द्रव्य मिळत होतें. न्यूझीलंडांतील माओरींनीं १८४० च्या वायतांगी तहाच्या जोरावर १९९२ सालीं मासेमारीचा हिस्सा मिळविला.

आमच्याकडे द्रव्य कमी नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आंकडा पांच वर्षांसाठीं २०,०५० कोटी रुपयांचा होता. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांस खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, इतरांस ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य ठेविलें. महाराष्ट्रांत महादेव कोळी अनुसूचित जमातींत आहेत. भोई भटक्या जमातींच्या ‘ब’ वर्गांत, म्हणून ‘इतरां’त. नदीशीं नातें किती पिढ्यांचें, हा प्रश्न या मापांत कोठेंच येत नाहीं. अनुसूचित क्षेत्रांत लहान जलाशयांची व्यवस्था ग्रामसंस्थांकडे देणारा १९९६ चा कायदा येथें निरुपयोगी, कारण सातारा व सांगली जिल्ह्यांत तसें क्षेत्र नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यांत मासे व पाण्यांतील इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. तो कोयना-चांदोलीच्या रानांतील गांवांस उपयोगी पडेल, परंतु जे अनुसूचित जमातींत नाहींत त्यांस तीन पिढ्यांचें, म्हणजे ७५ वर्षांचें, वास्तव्य दाखवावें लागतें. गॅझेटियर, जुने सरकारी कागद व वृद्धांचे जबाब हे तेथें पुरावा धरले जातात.

तेव्हां संग्राहकांनीं वाड्यांच्या माळ्यांबरोबर नदीकांठचीं भोईआळीहि पाहावी. तरीच्या लिलावाच्या पावत्या, पालखीच्या मानाचे कागद, भाऊबंदांत डोह वांटून घेतल्याच्या चिठ्ठ्या, आणि कागद नसल्यास डोहांचीं नांवें व त्यांच्या हद्दी, हें सर्व उतरून घेण्याजोगें आहे. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालीं सांगलींत महापूर आला; २०१९ सालीं आयर्विन पुलाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें होतें. पाणी प्रथम शिरतें तें याच आळींत, आणि पेट्या तेथें जमिनीवरच असतात.