चांद्याचा कोट आणि बाहेरची गावं

आज चांद्याबद्दल बोलू. चांदा म्हणजे चंद्रपूर. जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. इरई आणि झरपट नद्यांजवळ गोंड राजांनी हे शहर वसवलं, भोवती कोट बांधला. जटपुरा, पठाणपुरा हे त्याचे दरवाजे आजही उभे आहेत. पण हा इतिहास नुसता कोटाच्या आतून सांगितला, तर अर्धाच होतो असं मला वाटतं.

बाबूराव शेडमाके घ्या. अहेरीकडच्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा तरुण, वय जेमतेम पंचवीस. आसपासच्या गावांतली माणसं जमवून त्याने जंगोम दल उभं केलं आणि थेट इंग्रजांशी भिडला. २९ एप्रिल १८५८ ला चिंचगुडीच्या तार छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. लढले जंगलात, पण पकडल्यावर बाबूरावांना आणलं चांद्यालाच. २१ ऑक्टोबरला इथल्या तुरुंगात फाशी.

आता मोबाईलवर नकाशा उघडा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिरोंच्याच्या माणसाची जिल्हा कचेरीसाठी चांद्याची वारी सुटली, बरंच झालं. पण बाबूरावांचं गाव आता गडचिरोलीत आणि फाशीची जागा चंद्रपुरात. त्यांना बांधून आणलं, तेव्हा वाटेत ही हद्द नव्हती.