४ मार्च १७९१ : व्हरमाँट चौदावे राज्य

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट ४ मार्च १७९१ रोजी संघराज्यात सामील झाले. मूळच्या १३ राज्यांनंतर आलेले हे पहिलेच. त्याआधी १४ वर्षे तिथे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. शेजारच्या न्यूयॉर्कशी भांडण होते जमिनीचे! न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरने दिलेल्या सनदा न्यूयॉर्क मानेना, त्यामुळे कसणाऱ्यांवर जमिनीला मुकण्याची वेळ आली. मग ईथन ॲलनने ‘ग्रीन माउंटन बॉइज’ ही टोळी उभारली. टोळीच म्हणायला हवी. न्यूयॉर्कची बाजू घेणाऱ्या एका डॉक्टरला त्यांनी खुर्चीला बांधून बेनिंग्टनच्या खानावळीच्या पाटीपाशी उंच टांगले. पाटीवर न्यूयॉर्ककडे तोंड करून दात विचकणारा, पेंढा भरलेला प्यूमा होता.

प्रजासत्ताकाच्या १७७७ च्या राज्यघटनेने प्रौढांना गुलाम ठेवण्यास मनाई केली. मुलगे २१ आणि मुली १८ वर्षांच्या होईपर्यंत मात्र ही सुटका नव्हती. या मनाईचे कौतुक करताना हे सोयीस्करपणे विसरले जाते. प्रजासत्ताकाने तांब्याची नाणीही पाडली. १७८५ च्या नाण्यावर लॅटिनमध्ये ‘चौदावा तारा’ असे कोरले होते, म्हणजे संघराज्यात जायची इच्छा जुनीच. आडवे येत होते न्यूयॉर्क. अखेर त्याला ३० हजार डॉलर देण्याचे ठरले आणि जमिनीचा वाद मिटला.