पांढरीची माती

डोणगावच्या माझ्या आजोळच्या वाड्यात शिरताना माणसाला तीनदा वाकावं लागे. मोठ्या दरवाजातल्या दिंडीत एकदा, ढेलजेतून चौकात उतरताना एकदा आणि माजघराच्या उंबऱ्यावर एकदा. तिसऱ्या दाराशी हमखास कपाळमोक्ष व्हायचा. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी टेंगूळ आलं की आजी त्यावर हळद चेपत म्हणायची, "बाई, हे दार तुह्यासाठी नाई केलं. पेंढाऱ्यासाठी केलं हाये. वाकलेल्या माणसाची मान आधी आत येते, हात मागून येतात."

आजी नऊ-दहा वर्षांची असताना लग्न होऊन या गावात आली. पेंढारी तिनं पाहिले नव्हते, तिच्या आजेसासूनंही नव्हते. आजेसासूच्या सासूनं पाहिले होते. पण तीन बायकांच्या तोंडून उतरत आलेली ती गोष्ट आजी अशी सांगे की घोड्यांच्या टापा बोळाच्या तोंडाशी ऐकू याव्यात.

डोणगाव मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पेंढाऱ्यांच्या गोष्टीला या भागात सबळ कारण होतं. वऱ्हाडाच्या वसुलीवर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही हात असे. 1803 च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि डिसेंबरातल्या देवगावच्या तहानं वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाकडे गेला. त्याच साली मोठा दुष्काळ पडला. म्हणजे फौजा येऊन गेल्या, पाऊस आला नाही, आणि मग लुटारू आले. मेहकरातले मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की शहराच्या तटबंदीचं काम त्यांनी अंगावर घेतलं, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. ते वैभव पेंढाऱ्यांनी आणि 1803 च्या दुष्काळानं बुडवलं, असंही तिथंच लिहिलं आहे. तट असलेल्या शहराची ही गत, तर खेड्यानं काय करावं? खेड्यानं घरालाच तट केला.

आमचा वाडा काही थाटाचा नव्हता. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दरवाजा पाहिला की वाडा हा शब्द आमच्या घराला लावायची लाज वाटते. चाळीस खणांचं शेतकऱ्याचं घर ते. घराचं माप तेव्हा खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खाली दोन हात काळ्या दगडाचं जोतं आणि त्यावर पांढऱ्या मातीच्या अडीच हात रुंदीच्या भिंती. बाहेरच्या अंगाला एकही खिडकी नाही. सगळा उजेड, सगळा वारा चौकातून. चौकात तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड, चहूबाजूंनी ओसरी. ओसरीवर गडीमाणसं, माजघरात बायका, त्यामागे अंधारी खोली आणि तिच्यात धान्याचं बळद.

पांढरी माती म्हणजे काय, हे मला मामानं शिकवलं. गावाची जमीन दोन तऱ्हेची. काळी म्हणजे वावराची, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी कपाशीला चांगली, पण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही आणि तिची भिंतही टिकत नाही. पांढरी ही शेकडो वर्षांच्या घरांचीच माती. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेणाचे सारवण, सगळं मुरून झालेली. पाटलाला काळी-पांढरीचा धनी म्हणत ते उगीच नाही. एक घर पडलं की त्याच्याच मातीत पुढचं उभं राही, आणि उरलेली माती शेतकरी खत म्हणून वावरात टाकत.

छपराला आम्ही धाबं म्हणायचो. मराठवाड्यात त्यालाच माळवद म्हणतात. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, मग पळसाची पानं नाहीतर तुराट्या, आणि त्यावर हातभर माती चोपून बसवलेली. उतार पन्हाळीकडे. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असताना माजघरात माठातल्यासारखा गारवा. पण धाबं दरसाल जेठात माती मागतं. जुनी खरवडायची, भेगा बुजवायच्या, नवी टाकून तुडवायची. एक वर्ष चुकलं की मृगाला माजघरात पातेली मांडायची वेळ. नुसती टाकत राहिलं आणि खरवडलं नाही, तर ओझं वाढत जातं आणि तुळया वाकतात.

वऱ्हाडात मोहल्ल्याला वेटाळ म्हणतात. आमच्या वेटाळात आठ-दहा घरं होती. सगळ्यांच्या पाठी बाहेर, तोंडं एकाच बोळाकडे आणि बोळाच्या तोंडाशी फाटक. दिवेलागणीला फाटक लागे. भिंतीला भिंत, धाब्याला धाबं. आम्ही पोरं उन्हाळ्याच्या रात्री पहिल्या धाब्यावर झोपायचो आणि सकाळी कोणीतरी चौथ्यावर सापडे. घरांच्या आतल्या भिंतींना लहान लहान दारं होती. त्यांतून विरजण जाई, चुलीसाठी विस्तव जाई, पंगतीला ताटं जात, आणि बातमी तर सगळ्यांच्या आधी जाई. आजी सांगे की लग्नानंतर कित्येक वर्षं तिनं बोळाच्या फाटकापलीकडचं गाव धड पाहिलंच नाही. सणाला देवळात जायचं तेही बैलगाडीला पडदा लावून. "पेंढारी कधीचेच मेले व्हते," ती म्हणे, "पण आमच्यासाठी फाटक लागतच राह्यलं." आजीच्या तोंडचं हे वाक्य मला फार उशिरा कळलं. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त 1817-18 मध्ये झाला होता. आजी या घरात आली ती त्यानंतर शंभर वर्षांनी.

दरम्यान वऱ्हाडाचा धनीही बदलला होता. 1853 च्या तहानं हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला आणि 1902 मध्ये निजामानं तो वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकला. आजीच्या सांगण्यात यातलं काही येत नसे. तिची कालगणना वाड्याची. आड खणला ते साल, सोप्याचा खांब बदलला ते साल, आणि सगळ्यांत मोठं साल म्हणजे छप्पनचा काळ.

व्यापाऱ्यांच्या वह्यांतल्या विक्रम संवत 1956 वरून पडलेलं हे नाव. आपल्या मोजणीनं 1899-1900. पाऊस पळाला, वावरं उजाड राहिली, आणि आमच्या वाड्यातलं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड माणूस उतरण्यापुरतं, आत रांजणासारखं पोट. आत कडब्याचं अस्तर देऊन ज्वारी भरली आणि तोंड मातीनं लिंपलं की धान्य वर्षानुवर्षं राही. पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत वाफ धरली आहे असं समजून थांबायचं. घाई करणारी माणसं पेवातच गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. आमच्या पेवात दिवा तिसऱ्या दिवशी टिकला, आणि आजी म्हणे, "त्या ज्वारीवर आख्खं गाव जगलं."

दुसरी गोष्ट 1948 ची. निजामाची हद्द मेहकर तालुक्याला अगदी लागून. रझाकारांच्या भीतीनं मराठवाड्यातली घरंच्या घरं इकडे वऱ्हाडात येत होती. आमच्या ओसरीवर तीन कुटुंबं पाच महिने राहिली. त्यांतल्या एका बाईचं बाळंतपण अंधाऱ्या खोलीत झालं. सप्टेंबरात, 13 ते 17 तारखेदरम्यान पोलीस कारवाई झाली, हैदराबाद शरण आलं, आणि पाहुणे गाड्या जुंपून परत गेले. पेंढाऱ्यांसाठी घातलेल्या भिंती अखेर कोणाच्या तरी कामाला आल्या, हे आजी अभिमानानं सांगे. तो अभिमान खरा होता.

या सगळ्या गोष्टी मी वर्षानुवर्षं वाड्याच्या आतून ऐकल्या. बाहेरून ऐकण्याचा योग आला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते.

मामा गेल्यानंतर वाड्याच्या कागदपत्रांसाठी डोणगावला फेऱ्या होत होत्या. एकदा पारावर एक म्हातारे बाबा भेटले. कोणाची कोण, हे विचारून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे तुमी त्या वाड्यातल्या. माह्या मायनं तुमच्या धाब्यावर लय माती वाह्यली, ताई. जेठात पंधरा दिवस टोपली डोक्यावरच असे. शिडी मागच्या भिंतीला बाहेरून लावत. वर जायचं आन् वरूनच उतरायचं. आख्खं धाबं तिच्या पायाखालचं, पण धाब्याखाली काय हाये ते तिनं कधी पाह्यलं नाई."

मी छप्पनच्या काळाची गोष्ट काढली. वाटलं, पेवाची आठवण त्यांच्या घरातही गोड असेल. ते हसले. "पेव उघडलं हे खरं हाये. पण ज्वारी दिडीनं देल्ली. माह्या आज्यानं तीन पायल्या नेल्या, साडेचार फेडायच्या. पुढच्या साली पुन्हा नेल्या. ते फेडाले माहा बाप सात वर्साचा असताना तुमच्याकडं ढोरं राखाले राह्यला. मंग सालदार झाला." थोडं थांबून म्हणाले, "गाव जगलं, हेबी खोटं नाई. आमीबी जगलोच की."

दोन्ही गोष्टी एकाच पेवाच्या होत्या. आजी खोटं बोलली नव्हती. तिला हिशेबाची वही दाखवलेलीच नव्हती.

"आन् छप्पन म्हणाल तर," बाबा म्हणाले, "आमच्याकडं छप्पन म्हंजे दुसरं." 1956 चा ऑक्टोबर. दसऱ्याला, 14 तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांतून माणसं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर पायी निघाली. बाबांचे वडील गेले होते. परतल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं आणि आईनं वेठीची टोपली उचलायची थांबवली. पुढच्या जेठात आमच्या धाब्यावर माती टाकायला मजुरीनं माणसं लावावी लागली, हे मामाच्या वहीत मी स्वतः वाचलं आहे. त्यापुढच्या वर्षी अर्ध्याच धाब्यावर पडली. त्यानंतर दर तिसऱ्या वर्षी.

वाडा का पडला, याची आमच्या घरात बरीच कारणं सांगतात. वाटण्या झाल्या, पोरं शिकून अकोल्याला, पुण्याला गेली, कमाल जमीन धारणा कायदा आला. शिवाय 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात जड माळवदाखाली हजारो माणसं झोपेतच दबली, आणि त्यानंतर मामानं माजघरावरची माती उतरवून टिनं घातली. पुढे सागाच्या तुळया आणि नक्षीचा दरवाजा शहरातल्या व्यापाऱ्यानं नेला. मातीच्या भिंतीवरची टोपी काढली की तिला तीन पावसाळे पुरतात. ही सगळी कारणं खरी आहेत. पण पहिलं कारण कोणी बोलत नाही. गावकुसाच्या आत ज्यांना घेतलं नाही, त्यांच्याच हातांवर आतलं घर उभं होतं. ते हात मोकळे झाले आणि घर खचू लागलं. हात मोकळे झाले याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. वाड्याच्या आठवणी लिहिताना चौक, झोपाळा, तुळस, गारवा एवढंच लिहून थांबू नये, म्हणून हे सांगितलं.

आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. कमानींची, जाळीच्या चौकाची हॉटेलं जागोजाग होतात आणि त्यांना वाडा असं नाव देतात. त्यांना मातीची भिंत नसते आणि दारात वाकावंही लागत नाही.

जागा मोकळी करताना भिंतींचा ढिगारा कोणाला हवा का, असं आम्ही गावात विचारलं. पांढरीची माती वावराला चांगली, हे ठाऊक असलेली माणसं अजून आहेत. सहा शेतकऱ्यांनी ती ट्रॅक्टरनं नेली. चार ट्रॉल्या त्या बाबांच्या मुलानं भरल्या. आपल्या कमाईतून त्यानं रस्त्याकडेला साडेतीन एकर घेतलं आहे. आजीनं ज्याला आख्ख्या गावाचं पेव म्हटलं त्याच्या तोंडावरची, त्याच्या आजीनं टोपलीनं धाब्यावर नेलेली, अशी सगळी माती एका दुपारी त्याच्या तुरीच्या वावरात पांगली.