अमेरिकी वैद्यकीय प्रवेश आणि कॅनडाचा उमेदवार

कॅनडातील विद्यार्थ्याला अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश मिळेल का, याचा अंदाज बांधताना बहुधा आधी गुण पाहिले जातात. वस्तुतः पहिला प्रश्न नागरिकत्वाचा आहे. अमेरिकेचे नागरिकत्व वा ग्रीन कार्ड नसल्यास तो अनेक महाविद्यालयांच्या लेखी परदेशीच ठरतो. काही संस्था मात्र त्याला परराज्यातील अमेरिकी विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसवतात. काही त्याचा अर्ज विचारातच घेत नाहीत. राज्यांच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांचा ओढा साहजिकच आपल्या रहिवाशांकडे असल्याने त्याची मुख्य भिस्त खासगी संस्थांवर असते. प्रत्येक संस्थेचे धोरण अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या ‘एमसार’ या माहितीकोशात नोंदलेले असते. भारतीय पारपत्रावर कॅनडात स्थायिक झालेल्यांनी तर त्यातील अटी दोनदा वाचाव्यात, कारण काही ठिकाणी सवलत केवळ कॅनडाच्या नागरिकांपुरतीच असते.

गुणांचा विचार त्यानंतरचा. ‘एमकॅट’चे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात दिले जातात आणि अलीकडे प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी ५११-५१२च्या आसपास असते. परदेशी गणल्या जाणाऱ्याने याहून वर असणे इष्ट.

खरी अडचण पुढे येते, ती पैशांची. अमेरिकी केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज या उमेदवाराला मिळत नाही. उलट, काही महाविद्यालये एक ते चार वर्षांच्या शुल्काची रक्कम आगाऊ ठेव म्हणून मागतात. त्यामुळे निवड होऊनही जागा सोडण्याची पाळी येऊ शकते. कॅनडातील बँका भावी डॉक्टरांना कर्ज देतात. मात्र शिक्षण अमेरिकेत असल्यास जामीनदार लागण्याची शक्यता धरूनच चालावे.