सध्या काय वाचता?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला हा माणूस बोनसच्या कायद्यावर नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी 'कादंबरी' म्हणालो तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. त्यांचा संकोच मला समजतो. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते वाचनालयात, लोकलच्या डब्यात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा कादंबरीच्या कलेविषयी मी काही सांगू लागलो तर तो आगाऊपणा ठरेल. मला सांगायचे आहे ते वेगळे. वाचणारी दोन माणसे भेटली की 'सध्या काय वाचता?' असे एकमेकांना विचारतात. या साध्या प्रश्नामागे आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. माझे म्हणणे इतकेच की, मराठी कादंबरी छापखान्याने छापली खरी, पण ती माणसामाणसांत पोचवली या प्रश्नाने.

आपल्याकडे वाचन ही मुळात एकट्याने करायची गोष्ट नव्हती. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि आळीने ऐकावी, अशी रीत होती. श्रीधरांचा 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' अक्षरओळख नसलेल्यांनाही ठाऊक होते ते यामुळेच. कादंबरी आली ती याच श्रोत्यांपुढे. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते सर्वत्र सांगितले जाते. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. १८७१ साली गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून येऊ लागली. या वाङ्मयप्रकाराला नावही आपण एका नायिकेचे दिले. गुजराती माणूस 'नवलकथा' म्हणतो, बंगाली आणि हिंदी माणूस 'उपन्यास' म्हणतो. आपण आणि आपल्या शेजारच्या कानडी बांधवांनी मात्र बाणभट्टाच्या कादंबरीचेच नाव सबंध जातीला देऊन टाकले.

पण घराघरांत या प्रश्नाला जोर आणला तो हरि नारायण आपटे यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः दिली. एका विधवेने स्वतःच सांगितलेली ती जन्मकथा आहे. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचा गुण असा की, सगळे वाचक एकाच पानावर असतात. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. मग ओसरीवर, माजघरात, पाणवठ्यावर दुसरे काय बोलणार? यमूचे पुढे काय होईल, तिचा भाऊ काय करील, याची चर्चा आठवडाभर करायची, आणि ती करताकरता आपल्याच घरातल्या एखाद्या यमूकडे नजर जायची. जी गोष्ट उघडपणे बोलता येत नव्हती ती कादंबरीच्या निमित्ताने बोलता आली. कोणत्याही सभेच्या ठरावाहून हे काम लहान होते असे मला वाटत नाही.

याच काळातील काशीबाई कानिटकर यांचे उदाहरण आठवावे. त्यांचे लग्न बालपणीच झाले आणि त्या वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. बाईने पुस्तक हाती धरणे हाच त्या काळी घराघरांत चेष्टेचा विषय होता. तरी त्या वाचीत गेल्या आणि पुढे स्वतः कादंबरी लिहिणाऱ्या आद्य मराठी स्त्रियांपैकी एक झाल्या. हरिभाऊ आपटे आणि काशीबाई यांचा पत्रव्यवहार होता. हरिभाऊंची पत्रे काशीबाईंनी पुढे प्रसिद्ध केली म्हणून आपल्याला त्या स्नेहाची माहिती आहे. एका लेखकाने एका वाचणाऱ्या बाईला बरोबरीच्या नात्याने पत्र लिहावे, ही त्या काळात लहान घटना नव्हती.

आता आपल्या मुलखाकडे वळू. डोंबिवलीच्या एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला ठाणे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांतले. मराठी ग्रंथांचाच संग्रह करायचा, ही तेव्हा नवीनच कल्पना होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर, १८९८ साली निघाले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली आणि दुसऱ्याच वर्षी ती कल्याणला पोचली. म्हणजे आगगाडी आणि वाचनालय ही दोन्ही आपल्या भागात एकाच पिढीत आली. या दोघांचा संबंध पुढे किती घट्ट होणार होता, हे रोज सकाळी फलाटावर उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

हे सगळे झाले पांढरपेशांचे. कामगारांचे काय? १९३३ साली मामा वरेरकरांची 'धावता धोटा' आली आणि गिरणीतली माणसे कादंबरीत शिरली. अण्णाभाऊ साठे यांनी तर स्वतः मुंबईत येऊन गिरणीत काम केले. त्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. त्यांची 'फकिरा' १९५९ साली निघाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहायचे, त्यांच्यापैकीच एकाने लिहिले. पण गिरणगावात सर्वांत जास्त हातांतून फिरले ते बाबूराव अर्नाळकर. काळापहाड, झुंजार, धनंजय आणि छोटू यांच्या रहस्यकथा त्यांनी हजाराच्या वर लिहिल्या. टीकाकारांनी त्यांना वाङ्मयात जागा दिली नाही. खोल्यांच्या गाळ्यांत मात्र त्यांना जागेची कधी वाण पडली नाही.

गिरणीत साचे चालू असताना शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही; तिथे कादंबरी वाचून दाखवणे अशक्यच. म्हणून आपल्याकडे कादंबरी सांगितली गेली ती पाळी सुटल्यावर, खानावळीत, गॅलरीत आणि गाडीत. जिथे काम हाताचे आणि शांततेचे होते, तिथे वेगळा प्रकार घडला. क्यूबा बेटातील हवाना शहरी १८६५ साली चिरूट वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात एक वाचक बसवण्याची प्रथा सुरू केली. हात चिरूट वळीत आणि कान कादंबरीकडे. वाचकाची मजुरी कामगार आपल्या वेतनातून वर्गणी काढून देत आणि पुढे कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवीत. दुसऱ्याच वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली! पण प्रथा मेली नाही. ती तिथे आजही चालू आहे. ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' कामगारांना इतकी आवडे की, पुढे एका नामांकित चिरुटाला त्या कादंबरीचेच नाव मिळाले. इकडे केरळात विडी कामगारांनीही असाच वाचक बसवला होता. एकजण वर्तमानपत्र आणि पुस्तके वाची, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. कामगार वाचत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या दोन हकिकती ध्यानात ठेवाव्या.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या पुष्कळांची गिरणी परत सुरू झालीच नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा. पहिले दोन महिने सगळ्यांना उमेद होती. पुढे घरातली भांडी जाऊ लागली, आणि दुपारच्या वेळी मोठी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमच्या मजल्यावर पाच घरांत मिळून वाचनालयाची एक वर्गणी उरली होती. वडील त्यावर अर्नाळकरांचे पुस्तक आणीत आणि संध्याकाळी गॅलरीत मोठ्याने वाचीत. पाचही घरे ऐकायला बसत. ऐन अटीतटीच्या जागी पुस्तक मिटून ते म्हणत, "आता उद्या." उद्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवणे, हे त्या वर्षी सोपे नव्हते. मी वाचायला शिकलो शाळेत. वाचक झालो त्या गॅलरीत.

संपानंतर आम्ही डोंबिवलीस आलो. मोठा झाल्यावर मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलो आणि तिथून युनियनमध्ये आलो. पुस्तके वाचू लागलो होतो, आणि दोनचार पुस्तके वाचलेल्या माणसाला जी शिंगे फुटतात ती मलाही फुटली होती. एकदा आमच्या अभ्यासवर्गात मी प्रत्येकाला विचारले, "सध्या काय वाचता?" कोणी चरित्राचे नाव सांगितले, कोणी काहीच सांगितले नाही. एक सहकारी मोकळेपणाने म्हणाला, "मी रहस्यकथा वाचतो. रातपाळीला झोप येत नाही." मी सगळ्यांसमोर हसलो आणि म्हणालो, "चोर सापडला की आम्हालाही कळवा." सगळे हसले. पुढच्या वर्गाला तो आला नाही. त्याच्यापुढच्याही नाही.

ही हकिकत मी घरी मोठ्या फुशारकीने सांगितली. वडील जेवत होते. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "अरे, संपात ज्या पुस्तकानं तुझं घर शांत ठेवलं, त्यालाच हसलास?" त्यापुढे ते काही बोलले नाहीत.

मी त्या सहकाऱ्याकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या हो, तुम्ही कुठं मनावर घेता. हल्ली वाचायला वेळच मिळत नाही." त्याने मला चहा पाजला, पण पुस्तकाविषयी माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. युनियनच्या कामात मी पुष्कळ वाटाघाटी हरलो आहे. त्या हारी मला आठवत नाहीत, ही आठवते.

म्हणून या इतिहासातून मी एक गोष्ट शिकलो. 'सध्या काय वाचता?' या प्रश्नाचे खरे उत्तर देताना माणूस आपले मन थोडे उघडे करतो. काशीबाईंना चेष्टा सोसावी लागली ती घरच्यांची. माझ्या सहकाऱ्याला ती सोसावी लागली एका कामगार कार्यकर्त्याकडून. ज्याने दार उघडायचे त्यानेच ते लावले. पोथी ऐकणाऱ्या आळीने कुणाला हसून हाकलले नव्हते, म्हणूनच कथा सर्वांची झाली होती.

डोंबिवली हे वाचणाऱ्यांचे गाव. शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथे राहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. आज लोकलमध्ये हातात पुस्तकाऐवजी मोबाइल दिसतो, अशी तक्रार आपण करतो. मला त्याची फार काळजी वाटत नाही. त्या मोबाइलवरही कोणी कादंबरी वाचीत वा ऐकत असेल. मला काळजी वाटते ती ही की, शेजारचा काय वाचतो आहे हे आपण त्याला विचारीत नाही.

आमच्या अभ्यासवर्गाची सुरुवात आता याच प्रश्नाने होते. प्रत्येकाने दोन मिनिटे सांगायचे आणि कोणी हसायचे नाही, एवढाच नियम. हंगामी कामावरची एक भगिनी गेल्या खेपेला एका प्रेमकथेविषयी इतके रंगून बोलली की, दोघांनी ते पुस्तक तिच्याकडे मागितले. माझी पाळी आली तेव्हा मी श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्र'विषयी सांगितले. ती १९६२ सालची कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचतो आहे. नवरा घर सोडून गेलेली कोकणातली एक बाई मुलांच्या शिक्षणासाठी साऱ्या घराशी झगडते, हे वाचताना मला माझी आई दिसते. पहिल्या वेळी ती दिसली नव्हती.

मी सध्या काय वाचतो ते मी सांगितले. आता सभा संपल्यावर घरी जाताना शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तेवढे विचारा, आणि त्याने काहीही उत्तर दिले तरी विचारा, "मग पुढे काय झाले?"